तीन भोकांचा पुरावा

दसऱ्याला वरशाला गेलो होतो. आमचं वरसे म्हणजे रोह्याला खेटून. तुम्हाला रोहा माहीत असेल तर कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन म्हणून, नाहीतर धाटावच्या एमआयडीसीच्या वासामुळे. (वास आता पूर्वीइतका येत नाही असं गावातले म्हणतात. त्यांची नाकं गेली असावीत.) या दिवसांत आमच्या धावीर महाराजांची पालखी असते आणि देवाला पोलिसांची सशस्त्र सलामी असते. ती रायफलवाल्यांची रांग बघायला लहानपणी आम्ही पोरं पहाटेपासून जागा धरून उभी असायचो. त्या पोरांतला एक, माझा आत्येभाऊ, आज टेक्सासात आहे आणि त्याच्या स्वतःच्याच तीन रायफली आहेत.

चार वर्षांनी आला होता. ओटीवर चहा झाला, आपट्याची पानं वाटून झाली आणि दादाने मोबाईल काढला. फोटोत एक कागद, कागदावर तीन भोकं, तिन्ही मिळून एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ.

"शंभर यार्ड," दादा म्हणाला. "आणि साधी फुल मेटल जॅकेट! मॅच बुलेट नाही. लोक म्हणतात एफएमजे म्हणजे कचरा. बघ!"

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: तिकडे हौस म्हणून माणसं काडतुसं घरी भरतात. रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, नवा प्रायमर बसवायचा, तराजूवर दारू तोलून ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. याला हॅंडलोडिंग म्हणतात. (इकडे घरी सुरू करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे.) सगळ्यात मोठा प्रश्न असतो गोळी कुठली घ्यायची. दादाने पाच कंपन्यांच्या ५५ ग्रेनच्या एफएमजे आणल्या, प्रत्येकीच्या तीन-तीन झाडल्या, ज्या कंपनीचा ग्रुप सगळ्यात लहान आला तिच्या तीन हजार गोळ्या घेऊन टाकल्या. पुढच्या महिन्यात क्लबच्या सामन्यात त्याच गोळ्यांनी त्याचा कागद असा काही फाटला की विचारू नका. आता तो म्हणतो नळी झिजली. नवी नळी मागवली आहे.

मी म्हटलं, "दादा, तू गोळी निवडलीच नाहीस. तू चिठ्ठी काढलीस."

त्यावरून जे भांडण झालं ते आत्या ओरडली म्हणून थांबलं. पण मला राहवलं नाही. परतल्यावर वीकांताला लॅपटॉप उघडला आणि पायथनमध्ये वीस ओळी खरडल्या. संगणकात पाच 'कंपन्या' केल्या, पाचही तंतोतंत सारख्या. एकच रायफल, एकच गोळी, नावं फक्त वेगळी. प्रत्येकीच्या तीन गोळ्या, ग्रुप मोजायचा म्हणजे सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. हा प्रयोग एक लाख वेळा.

निकाल? पाचांतली एक दरवेळी 'जिंकते'. जिंकणारच, कुणीतरी पहिलं येणारच! आणि नुसती जिंकत नाही, झोकात जिंकते. सर्वात मोठा ग्रुप सर्वात लहान ग्रुपच्या दुप्पट-अडीचपट असणं ही अगदी रोजची गोष्ट. पुन्हा सांगतो, पाचही गोळ्या एकच आहेत. आणि त्या विजेत्या गोळीचा पुढचा ग्रुप सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. तिचं काही बिघडलेलं नसतं, पहिल्यांदा नशीब होतं एवढंच. दादाची नळी इथे झिजली.

तीन गोळ्यांच्या ग्रुपचा आकार स्वतःच्याच सरासरीभोवती एक-तृतीयांशाहून जास्त डुलतो. दहा गोळ्यांचा ग्रुप साधारण एक-पंचमांश डुलतो. शिवाय त्याच रायफलचा, त्याच गोळीचा दहाचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडा मोठाच येतो. म्हणून तर कुणी दहाचा फोटो दाखवत नाही! पाकिटात फोटो ठेवायचा तर तीन भोकांचाच ठेवतात, आणि तोही वर्षभरातल्या सगळ्यात चांगल्या शनिवारचा.

हसू नका. आपण हापिसात हेच करतो. नवीन कॅशिंग लायब्ररी आली, तीन वेळा बेंचमार्क पळवला, दोनदा वेगवान आला, स्लाईड तयार. मी स्वतः एकदा असं करून अख्ख्या टीमचे दोन महिने घालवले आहेत. (कुठल्या कंपनीत ते विचारू नका. माझी चूक होती, कंपनीची नाही.)

दादाचं यावर उत्तर तयार होतं. "तू इंजिनियर आहेस, नेमबाज नाहीस. अनुभवी माणसाला तीन गोळ्यांत कळतं." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. खरोखरचे नेमबाज काय करतात ते बघू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, पन्नास मीटरवर. तिथे वापरतात ते पॉइंट टू-टूचं काडतूस, शिशाच्या गोळीचं, जॅकेट वगैरे काही नाही, आणि ते घरी भरताही येत नाही. मग या पातळीचे लोक निवडतात काय? लॉट. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल, पण आज बनलेला आणि पुढच्या महिन्यात बनलेला वेगळा. बर्मिंगहॅमजवळच्या एली कंपनीत किंवा लापुआच्या चाचणी केंद्रांवर रायफल शिकंज्यात आवळतात आणि एकामागून एक लॉट तपासतात, दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पाडून. माणसाचा हात, श्वास, कालचं जागरण, सगळं बाजूला. ज्यांचं करिअर यावर आहे ते तीन गोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि दादा ठेवतो.

बरं, एफएमजे कचरा म्हणणारेही तितकेच आळशी आहेत. ही गोळी बनते कशी बघा. तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूची छोटी वाटी दाबून, ओढून लांब करतात. वाटीचा बंद भाग हे गोळीचं टोक. शिसं मागून भरतात आणि पत्र्याची कड आत दुमडतात, म्हणजे बूड उघडं राहतं. मॅच बुलेटचं बहुतेक वेळा बरोबर उलटं असतं. बूड बंद आणि टोकाला बारीक भोक. आता नळीतून सर्वात शेवटी काय सुटतं? बूड. मागचा वायू त्या क्षणी बुडाच्या कडेवरून निसटतो. दुमडलेली कड एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक असेल, तर गोळीला जाता जाता धक्का बसतो. टोक थोडं चेमटलेलं असलं तरी एक वेळ चालतं, बूड वाकडं चालत नाही.

दुसरी भानगड फिरकीची. दादाच्या नळीतले आटे आठ इंचात एक वेढा घेतात. सेकंदाला तीन हजार फूट वेगाने निघालेली गोळी मिनिटाला दोन लाख सत्तर हजार फेरे घेत असते. वॉशिंग मशीनमध्ये चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन कसं थयथयाट करतं? जॅकेटची भिंत एका बाजूला केसभर जाड असेल तर गोळीचं तेच होतं. म्हणून ५५ ग्रेनची स्वस्त गोळी बारा इंचाच्या संथ आट्यांत बऱ्यापैकी वागते आणि जलद आट्यांत तिचे दोष उघडे पडतात. पोलादी टोक आत घातलेल्या लष्करी ६२ ग्रेनच्या गोळ्यांचं तर आणखी अवघड, कारण शिसं आणि पोलाद दोन्ही एकाच अक्षावर बसायला हवेत.

यात एफएमजेचा दोष नाही. ती या कामासाठी जन्मलीच नव्हती. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने गोळीवर तांब्याचा पत्रा चढवला, कारण वेग वाढल्यावर नुसतं शिसं आट्यांत सोलून निघतं. मग कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात पुढचं टोक उघडं ठेवलेल्या गोळ्या बनल्या, त्या माणसाच्या शरीरात पसरत, आणि १८९९ मध्ये हेगला अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. तेव्हापासून सैन्याची गोळी म्हणजे पूर्ण पांघरलेली गोळी. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६४ चा (दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहेत). अशा कारखान्यांतून लष्करासाठी जी साधी गोळी निघते तिचं काम हजारो वेगवेगळ्या रायफलींत न अडकता बसणं आणि माणसाएवढ्या निशाणाला लागणं. रुपयाच्या नाण्याचा वायदा तिने कधीच केला नव्हता. पण मनावर घेतलं तर अचूक एफएमजे बनते हेही खरं. लापुआची डी-४६ पूर्ण जॅकेटचीच आहे आणि निशाणबाजीच्या सामन्यांत तिने दशकानुदशकं नाव टिकवलं आहे.

मग निवडायची कशी? डबा उघडून आधी बुडं बघा, भिंगाखाली. दुमड सारखी आहे का, शिसं कुठे बाहेर आलंय का. वीस-तीस गोळ्या तोला. सरासरीपेक्षा वजनातली फाक महत्त्वाची. मधली खाच, जी पुंगळीचं तोंड आवळायला असते, ती नसलेली मिळाली तर उत्तम. आणि मग एकाच कागदावर, एकाच बिंदूवर नेम धरून वीस गोळ्या. सगळ्या भोकांचा मध्य काढा आणि प्रत्येक भोक त्यापासून किती लांब त्याची सरासरी घ्या. सर्वात लांबची दोन भोकं मोजलीत तर उरलेल्या अठरा गोळ्यांचे पैसे तुम्ही फेकून दिलेत. आणि 'ती एक माझ्या हाताने गेली' म्हणून भोक वगळायचं नाही. नेहमी लांबचंच भोक बरं हाताने जातं!

"वीस गुणिले पाच म्हणजे शंभर गोळ्या," दादा म्हणाला. "खर्च बघ की." तीन हजार गोळ्या आणि एक नळी घेतलेल्या माणसाने हे बोलावं.

मी एवढा चिडलो त्याला कारण दुसरं आहे. माझी भाची पनवेलला एअर रायफल शिकते. सुमा शिरूरमुळे रायगडात पोरींना हा खेळ खेळावासा वाटतो, ही मोठीच गोष्ट. छऱ्यांचे डबे ४.४९, ४.५० असे डोक्याच्या व्यासाप्रमाणे येतात. तिच्या वडिलांनी एका महिन्यात तीनदा डबा बदलला, दरवेळी पाच छऱ्यांवरून. पोरीला कळेना आपण चुकतोय की छरा चुकतोय. सराव संपल्यावर ती मला विचारत होती, "मामा, माझा हात हलतो का रे?" चौदा वर्षांची आहे. तिचा हात हलत नव्हता, बाबांचं डोकं हलत होतं. पण तिने पुढचे दोन आठवडे स्वतःचा पवित्रा बदलण्यात घालवले.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून भात राखायला परवान्याची. दारू मोजायला बांबूची एक बोटभर नळी होती. ती हरवली तेव्हा दुसरी केली, आणि लगेच शेतावर न जाता दिवसभर बांधावरच्या मडक्यावर बार काढत बसले. आजीने दारूची नासाडी म्हणून बोल लावले ते अजून घरात सांगतात.

परवा दादाचा फोन आला. माझ्यावर चिडून का होईना, पाचही गोळ्यांच्या वीस-वीस झाडल्या त्याने. चार गोळ्यांत फरक सांगता येत नाही. पाचवी खरंच वाईट आहे, भिंगाखाली तिची बुडं वाकडी दिसली. तीन हजार घेतलेली त्या चारांपैकीच एक, त्यामुळे तेवढ्यापुरता वाचला.

नळीची ऑर्डर मात्र अजून रद्द केलेली नाही.