ग्रंथपालाने भाव करायला शिकावे

घोडेगावच्या बाजारातल्या कांदेवाल्याला मागणी-पुरवठा शिकवावा लागत नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र शिकवायलाच हवा. कांद्याच्या दुसऱ्या गोणीलाही खर्च येतो, ई-जर्नलची दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. तरी किंमत भरमसाट, कारण त्या जर्नलला पर्याय नसतो आणि प्रकाशक ते पक्के ओळखून असतो. एकट्या ग्रंथपालाने घासाघीस करावी तरी किती? त्यासाठी एकजूट हवी आणि अर्थशास्त्रही. प्रवरानगरला ऊसउत्पादकांची सहकारी मोट बांधताना विठ्ठलराव विखे पाटलांसोबत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, ते उगाच नव्हे. केंद्रानेही २०२४ मध्ये जर्नलांसाठी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर करून तीस प्रकाशकांशी एकगठ्ठा सौदा केला: तीन वर्षांना सहा हजार कोटी. २०२७ सरताना पुन्हा बोलणी होतील. तेव्हा कोणते जर्नल किती वाचले गेले, हा हिशेब ग्रंथपालांनाच मांडावा लागेल.