संमती कोणाची, सही कोणाची?

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव. १८७३ साली, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून या एकतीस वर्षांच्या सुधारकाने अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. वधूच्या इच्छेचा प्रश्न त्या काळच्या रीतीत उद्भवतच नव्हता. पुढे याच रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांनाही सांगण्यासारखे असते, याचा याहून थोर पुरावा मराठीत क्वचितच सापडेल.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. रानडे कायद्याच्या बाजूने, टिळक विरुद्ध. पण त्या वादात ‘संमती’ हा शब्द वयालाच जखडला गेला. मुलगी किती वर्षांची, एवढेच विचारले गेले. तिचे म्हणणे काय, हे नाही.

वैद्यकीय उपचारांच्या बाबतीत आपण आजही तेथेच आहोत. बारा वर्षांखालील मुलाची संमती ही संमती नव्हे, हा १८६० च्या दंडसंहितेतला नियम २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. बारा ते अठरा या वयाविषयी कायदा स्पष्ट बोलत नाही. इस्पितळे पालकांची सही घेऊन मोकळी होतात. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात तर अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती अनिवार्यच आहे. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पालक आणि मुलगी यांच्या मतांत अंतर असेल तर मुलीचे मत महत्त्वाचे मानून विचारात घ्यावे. हे योग्यच, पण दर वेळी सर्वोच्च न्यायालय गाठणे कोणाला शक्य आहे?

पालकच मुलाचे हित जाणतात, खर्च व काळजीही तेच वाहतात, हा आक्षेप पोकळ नाही. जीव वाचवणारा उपचार भीतीपोटी नाकारणाऱ्या मुलाला थोपवावेच लागेल. परंतु थोपवणे वेगळे आणि न विचारणे वेगळे. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांवरील व्यक्तीची उपचारास दिलेली संमती १९६९ च्या कायद्याने ग्राह्य ठरली. १९८५ च्या गिलिक खटल्याने त्याखालील मुलांसाठी समज हा निकष मानला. आमच्या मते आपल्याकडेही सोळा वर्षांनंतर नेहमीच्या उपचारांस रुग्णाची स्वतःची संमती पुरेशी असावी, आणि त्याआधी, बारा वर्षांपासून, पालकाच्या सहीखाली मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवले जावे. ते पालकाच्या मताविरुद्ध असले, तरीही.