सशाची लोकर आणि विणणारीचे तास

जोडधंदा हा शब्द शासकीय परिभाषेत मोठा लाडका आहे. अल्पभूधारकाचे शेतीवर भागत नाही हे मान्य करावयाचे, परंतु ते का भागत नाही याच्या खोलात न शिरता त्याच्या हाती एखादी शेळी, चार कोंबड्या किंवा मधमाश्यांची पेटी ठेवून मोकळे व्हावयाचे, असा हा जुना प्रघात आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांत या मालिकेत अंगोरा सशाचा समावेश झाला, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्याच्या बाजूने जे सांगितले जाते ते ऐकण्यास गोड आहे. जागा थोडी लागते, भांडवल बेताचे लागते, वर्षातून चार वेळा लोकर मिळते आणि घरातील स्त्रियांना फावल्या वेळात हे काम करता येते. यातील पहिली तीन विधाने खरी आहेत. चौथ्या विधानातील ‘फावला वेळ’ हे दोन शब्द मात्र तपासून पाहण्याजोगे आहेत. या धंद्यातील नफा कोठे निर्माण होतो आणि तो कोणाच्या पदरात पडतो, हा सारा प्रश्न त्या दोन शब्दांखाली झाकला गेला आहे.

प्रथम खुद्द सशाविषयी. तुर्कस्तानातील अंकारा शहराच्या जुन्या नावावरून या जातीला अंगोरा हे नाव पडले. अठराव्या शतकात ती फ्रान्समध्ये आली आणि तेथून युरोपभर पसरली. तिचा केस सुमारे ११ ते १४ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे पश्मिन्याच्या पंक्तीला बसणारा असतो. केसाच्या आत हवेच्या पोकळ्या असल्याने तो वजनाला हलका आणि उबेला भारी. हिमाचल प्रदेशातील कुल्लू खोऱ्यात गारसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तेथे या सशांवर दीर्घकाळ काम झालेले आहे आणि जर्मन अंगोरा ही अधिक लोकर देणारी जात त्या भागातील शेतकऱ्यांच्या पिंजऱ्यांत पोहोचली आहे. उत्तम निगा राखल्यास जर्मन अंगोरा वर्षाला किलोभर किंवा त्याहूनही अधिक लोकर देतो. डोंगरातील लहान शेतकऱ्याने मात्र हिशेब करताना ६०० ग्रॅम धरावेत, हे शहाणपणाचे.

ससा गरीब दिसला तरी त्याचे नखरे पुष्कळ. केस पोटात गेले तर त्याला ते ओकून टाकता येत नाहीत. म्हणून आठवड्यातून एक दिवस त्याला उपाशी ठेवण्याची पद्धत आहे. दर ७५ ते ९० दिवसांनी कात्रीने लोकर उतरावी लागते, आणि कात्री दुसऱ्यांदा त्याच जागी फिरली की आखूड तुकडे पडून लोकरीची प्रत घसरते. लांब, स्वच्छ केस एकीकडे; आखूड, मळके, गुंतलेले दुसरीकडे. दोहोंच्या भावात मोठे अंतर असते. शिवाय उन्हाळा त्याला सोसत नाही. तिशीच्या वर पारा चढला की तो धापू लागतो, नरांची प्रजननशक्ती मंदावते. तेव्हा दख्खनच्या पठारावर कोणी अंगोऱ्याच्या जोड्या विकावयास आला तर शेतकऱ्याने त्याला दारातूनच परत पाठवावे. ‘पिल्ले आमच्याकडून घ्या, माल आम्हीच विकत घेऊ’ या करारांचे फळ काय असते ते तामिळनाडूत २०१२ साली एमूंच्या बाबतीत आणि सांगली-कोल्हापूरकडे २०१९ साली कडकनाथ कोंबड्यांच्या बाबतीत दिसून आले आहे. अशा धंद्यात पक्ष्याला किंवा प्राण्याला खरे गिऱ्हाईक नसतेच. पुढचा शेतकरी हेच गिऱ्हाईक असते.

कुल्लूची गोष्ट वेगळी. तेथे हवामान अनुकूल आहे, लोकरीची परंपरा आहे, घरोघरी खड्डीचा माग चालविणारे आणि सुया धरणारे हात आहेत. तेथे हा धंदा खोटा नाही. म्हणूनच त्याचा हिशेब तेथे मांडून पाहिला पाहिजे.

एका कुटुंबाकडे २० ससे आहेत असे धरू. दर सशाला दिवसाला सुमारे १५० ग्रॅम खुराक, म्हणजे वर्षाला ५५ किलो. वीस सशांना ११ क्विंटल. हिरवा चारा स्वतःच्या बांधावरचा. लोकर मिळेल १२ किलो. लोकर उतरण्यास दर सशाला अर्धा तास धरला तर वर्षातील चार कातरण्यांचे मिळून ४० तास होतात. रोजचा एक तास खाणेपिणे व झाडलोट यांना दिला तर ३६५ तास. सशाच्या पालनाचे एकूण श्रम झाले ४०५ तास.

आता पुढे चला. अंगोऱ्याचा केस गुळगुळीत, त्याला मेंढीच्या लोकरीसारखी नैसर्गिक कुरळी वळणे नाहीत. त्यामुळे नुसत्या त्याचेच सूत काढणे अवघड जाते आणि बहुधा मेंढीच्या लोकरीशी त्याचे मिश्रण केले जाते. निम्मे निम्मे मिश्रण धरले तर २४ किलो माल होतो. घट वजा जाता २२ किलो सूत. तीनशे ग्रॅमचा एक स्वेटर धरला तर सत्तरीच्या थोडे वर, समजा ७३ स्वेटर. हाताने एक चांगला स्वेटर विणण्यास ४० तास लागतात असे गृहीत धरले तर विणकामाचे झाले २,९२० तास. रोज आठ तास याप्रमाणे एका स्त्रीचे, एकाही सुटीशिवाय, संपूर्ण वर्ष. यात कताई धरलेली नाही.

हे आकडे गृहीत धरलेले आहेत आणि नमुन्यानुसार, हातानुसार ते बदलतील. तास तीस धरा, स्वेटरांऐवजी मफलर आणि मोजे धरा. तरी पालनाच्या तासांहून विणकामाचे तास कित्येक पटींनी अधिक आहेत, हे प्रमाण काही उलटे होत नाही. असे असताना योजनांच्या कागदांवर सशाच्या जोडीची किंमत येते, पिंजऱ्याची जाळी येते, खुराकही येतो. विणणारीचे तास तेवढे येत नाहीत. ते फावल्या वेळात जमा. ज्या बाईने पहाटे गोठा झाडला, पाणी भरले, सफरचंदाच्या बागेत खुरपले, चूल सांभाळली, तिला हा फावला वेळ दिला तरी कोणी, हे विचारण्याचे मात्र राहून गेले आहे. तिच्या श्रमाची किंमत शून्य धरली की कोणताही जोडधंदा नफ्यात दिसतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असा ताळेबंद मांडला तर त्याला नापास करतात. योजनेच्या अहवालात तोच ताळेबंद मंजूर होतो.

मग शेतकऱ्याने विणकामाच्या भानगडीत न पडता कच्ची लोकरच विकावी, असा सल्ला दिला जातो. या सल्ल्याचा अर्थ जागतिक बाजाराकडे पाहिल्यावर कळतो. एके काळी अंगोऱ्याच्या उत्पादनात फ्रान्स आघाडीवर होता; पुढे चीनने ती जागा घेतली आणि जगातील सुमारे नव्वद टक्के उत्पादन त्या एका देशात एकवटले. मागणी सारी फॅशनच्या लहरीवर. एका हंगामात मऊ, केसाळ स्वेटरांची हौस येते, भाव चढतात, पिंजरे वाढतात. दोन वर्षांनी हौस ओसरते आणि ससे तसेच राहतात. सशाला भाव पडल्याचे कळत नाही, तो रोज दीडशे ग्रॅम मागतोच. लोकर साठवून भावाची वाट पाहावी तर तिला कसर लागते, दाबली गेली की ती गुठळते. वाट पाहण्याची ताकद व्यापाऱ्याकडे असते, वीस पिंजऱ्यांच्या मालकाकडे नसते.

२०१३ च्या नोव्हेंबरात याहून मोठा धक्का बसला. चीनमधील फार्मवर जिवंत सशांचे केस ओरबाडून काढले जात असल्याचे चित्रीकरण पेटा या संघटनेने प्रसिद्ध केले. सशाची किंकाळी जगभर ऐकू गेली आणि युरोपातील मोठमोठ्या वस्त्रविक्रेत्यांनी अंगोऱ्याची खरेदी थांबविली. इंडिटेक्स या स्पॅनिश कंपनीने २०१५ साली तो कायमचा बंद केला आणि उरलेले कपडे लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांना वाटण्यासाठी देऊन टाकले. ग्राहकांचा संताप रास्तच होता. पण ओरबाडणे आणि कात्रीने उतरणे यांतला फरक दुकानाच्या फळीवर उरला नाही. एका ठिकाणच्या क्रौर्याचा दंड साऱ्या धंद्यावरच बसला.

तेव्हापासून सशाला इजा झाली नाही ना, ही चौकशी होऊ लागली. ती व्हावीच. परंतु स्वेटर विणणारीला काय मिळाले, हा प्रश्न त्या चौकशीत सहसा नसतो. प्राण्याची निगा आणि माणसाची अवहेलना एकाच आवारात सुखाने नांदू शकतात, याचा एक भीषण दाखला याच सशाच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात हिमलरच्या अधिपत्याखालील एस.एस. दलाने छळछावण्यांच्या आवारांत अंगोरा ससे पाळले होते. त्यांच्या स्वच्छ, प्रशस्त खुराड्यांची छायाचित्रे लावलेला एक आल्बम १९४५ साली सिग्रिड शुल्ट्झ या अमेरिकन पत्रकार स्त्रीच्या हाती लागला. कुंपणापलीकडे माणसे उपासमारीने मरत होती. हे उदाहरण टोकाचे आहे, आणि कोणत्याही दुकानदाराची त्याच्याशी तुलना करण्याचा हेतू नाही. सशाचे बरे चालले आहे एवढ्या एका पुराव्यावर समाधान मानू नये, इतकेच त्यातून घ्यावयाचे.

मग करावे काय? उत्तर कुल्लूतच अर्धेअधिक सापडते. भुट्टी विणकर सहकारी संस्था १९४४ साली तेथे स्थापन झाली. ती मरगळली असताना १९५६ च्या सुमारास वेदराम ठाकूर यांनी तिच्यात प्राण ओतला. आज ‘भुट्टिको’ या नावाने तिच्या शाली देशभर ओळखल्या जातात, आणि मेंढीच्या लोकरीबरोबर अंगोऱ्याचाही माल ती करते. या संस्थेचे महत्त्व असे की तिने कच्चा माल खोऱ्याबाहेर जाऊ देण्याऐवजी सूत, रंग, माग आणि विक्री हे टप्पे विणकरांच्या संघटनेकडे ठेवले. पैसा शेवटच्या टप्प्यांत वाढतो; ते टप्पे ज्याच्या हाती, त्याच्या हाती धंदा.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विणणारीला तासाप्रमाणे पुरी मजुरी दिली तर वस्तू इतकी महाग होईल की यंत्रमागावरील नकली ‘कुल्लू शाली’पुढे आणि अॅक्रिलिकच्या स्वेटरापुढे ती टिकणार नाही. खादीच्या बाबतीत नेमका हाच पेच १९३५ साली उभा राहिला होता. सूत कातणाऱ्या बायांना निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह गांधीजींनी चरखा संघापुढे धरला. खादी महागेल, खप घटेल, बायांचे आहे तेही काम जाईल, असे त्यांच्याच सहकाऱ्यांचे म्हणणे होते. संघाने मजुरी वाढविली, पण गांधीजींना हवी होती तितकी नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: त्या वादात मजुरीचा आकडा निदान टेबलावर आला होता. अंगोऱ्याच्या बाबतीत तो आलेला नाही. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला. त्यासाठी इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेने मोठी खटपट केली, तरी भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. दख्खनी मेंढीची लोकर अंगोऱ्याच्या अगदी उलट, जाडीभरडी. पण तिची कथा वेगळी नाही. अनेक धनगर कुटुंबांना मेंढरे कातरण्याचा खर्चही लोकरीतून सुटत नाही आणि ती उकिरड्यावर जाते. तीच लोकर घोंगडी होऊन शहरातील प्रदर्शनात मांडली की तिला बरा भाव येतो. मधले टप्पे पिंजण्याचे, कातण्याचे, विणण्याचे. त्यांतील पिंजणे-कातणे बहुतांशी बायकांकडे.

अशा ठिकाणी संस्था उभी करावयाची तर तिच्या पोटनियमांतील एका कलमाकडे आरंभीच लक्ष द्यावे लागेल. जमीन पुरुषाच्या नावावर, पिंजऱ्यांचे किंवा मेंढरांचे कर्ज पुरुषाच्या नावावर, आणि ‘घरटी एक सभासद’ असा नियम. म्हणजे शेअरही आपोआप त्याच्याच नावावर जातो. वार्षिक सभेत मजुरीचा दर ठरतो तेव्हा विणणारी घरी स्वेटराची बाही पुरी करीत बसलेली असते. जी विणते, कातते तिला स्वतंत्र शेअर आणि स्वतंत्र मत. दर नगाच्या नोंदीबरोबर त्याला लागलेल्या तासांची नोंद. आणि लोकर संस्थेत जमा होताच खुराकापुरती उचल, म्हणजे भाव पडलेल्या हंगामात ससे किंवा मेंढरे मिळेल त्या किमतीला काढून टाकण्याची पाळी येणार नाही. सभेची वेळही संध्याकाळच्या स्वयंपाकाची नसावी.