दाराची फुटलेली काच

जिंतूर रस्त्यावर समोरून गेलेल्या ट्रकच्या चाकाखालची खडी उडाली आणि आमच्या गाडीच्या मागच्या दाराची काच खाली आली. मुलं त्याच बाजूला बसली होती. अल्हम्दुलिल्लाह, ओरखड्यांवर भागलं. ही काच साधारण ६०० अंशांपुढे तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन थंड केलेली असते, म्हणून फुटली की तिचे सुरे होत नाहीत, बारीक दाणे होतात.

परभणीत एका दुकानदाराने साधी काच कापून निम्म्या पैशांत बसवतो म्हटलं. आम्ही नको म्हणालो. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही; जी कापता येते ती फुटल्यावर पात्यासारखी होते. आपल्या मॉडेलचीच मागवा, कोपऱ्यातली आयएसआय खूण बघा.

बसवताना जवळ उभे राहा. दाराचं पॅड काढून आतले दाणे व्हॅक्युमने ओढून घ्यायला लावा, नाहीतर नवी काच घासते आणि पाणी जाण्याची खालची छिद्रं बुजतात. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटवला नाही तर पावसाळ्यात गाडी आतून ओली. पॅड लावण्याआधी काच चारदा वर-खाली करून पाहा.

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असला तरी हिशेब करा. क्लेमविना पाच वर्षं गेली की नो क्लेम बोनस ५० टक्के होतो. एका काचेपायी तो घालवणं आम्हाला जड वाटलं.

कारागीर परद्यासाठी काळी फिल्म सुचवेल. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत यावा, असा नियम आहे.