विजेच्या हिशोबात आपले तास

२०११ साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी बचत गटाची बैठक दुपारी तीनला ठेवली होती. चार वाजले तरी निम्म्याजणी आलेल्या नाहीत. “ताई, लाईट आलीय, बाया गिरणीवर असतील,” गटाच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या. मी वैतागले आणि अहवालात ‘महिलांचा प्रतिसाद कमी’ असं लिहून मोकळी झाले. ते वाक्य आजही मला टोचतं.

ते भारनियमनाचे दिवस होते. कुठे किती तास वीज बंद ठेवायची हे त्या भागातली गळती आणि वसुली पाहून ठरत असे. थकबाकी जास्त तिथे अंधार जास्त. त्या गावात थकलेली बिलं बहुतेक शेतीपंपांची होती आणि पंप पुरुषांच्या नावावर. पण वीज गेली की नळाला पाणी नाही, गिरणी बंद. मग हंडे वाहायचे बायांनी, दळणाचा डबा घेऊन ताटकळायचं बायांनी. रात्री दोनला वीज आली की नवरा पंप सुरू करायला शेतात जाणार आणि बॅटरी धरायला सोबत तीच. जे मेगावॅट कमी पडले ते बायांनी आपल्या झोपेतून भरून काढले. कुठल्याही ताळेबंदात त्याची नोंद नाही.

‘वीजनिर्मितीचं दीर्घकालीन नियोजन’ म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याचजणी पान उलटतात. मीही उलटत असे. पण मैत्रिणींनो, त्यातला मूळ प्रश्न अगदी साधा आहे: दहा वर्षांनी कोणाला, कोणत्या वेळी, किती वीज लागेल? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचं विसावं सर्वेक्षण २०२२ साली आलं. २०३१-३२ मध्ये देशाची कमाल मागणी सुमारे ३,६६,००० मेगावॅट होईल, असा त्याचा अंदाज आहे. असे आकडे मुख्यतः आजवरच्या वापरावरून काढतात. घरगुती, शेती, उद्योग असे वर्ग पाडून, वाढीचा दर धरून. भारनियमनात न पुरवलेली वीजही हिशोबात धरतात. पण जी बाई विजेची शेगडी घेण्याचा विचारसुद्धा करू शकत नाही, तिची चूल या हिशोबात कुठे येणार? समाजकार्याच्या वर्गात आम्हांला ‘गरज’ आणि ‘मागणी’ यांतला फरक शिकवला होता, तो मी परीक्षेपुरता पाठ केला होता. वीजक्षेत्रात फक्त मागणी मोजतात. आणि ‘घरगुती’ हा एकच रकाना. घराच्या आत कोण कधी राबतं हे कोणी विचारत नाही.

अंदाज चुकला की काय होतं, हे महाराष्ट्राने दोन्ही बाजूंनी भोगलं आहे. एवढी वीज राज्याला लागणार नाही आणि ती महाग पडेल, असं सांगून जागतिक बँकेने १९९३ साली दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाला पैसा नाकारला. पुण्याच्या ‘प्रयास’ने करारातले आकडे उकलून दाखवले. तरी प्रकल्प रेटला गेला. विरोध करणाऱ्या वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस घरांत शिरले, बायांना ओढून बाहेर काढलं, मारलं. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली, कारण ती परवडेना. वापरा किंवा न वापरा, स्थिर आकार द्यायचाच, अशी करारात अट होती. त्यानंतर राज्यात नवी निर्मिती रेंगाळली. माझ्या गावातली ती गिरणीपुढची रांग या कहाणीचा पुढचा भाग आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुढे पारडं फिरलं. २०१२ नंतर करार केलेली वीज गरजेपेक्षा जास्त झाली, आणि बंद ठेवलेल्या संचांचा स्थिर आकार बिलांतून वसूल होऊ लागला. एक शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईकडूनसुद्धा.

आता भर सौर विजेवर आहे, आणि मी तिच्या विरोधात नाही. शेतीला दिवसा वीज मिळाली तर रात्री शेतात जाणं वाचेल, सापाची भीती वाचेल. पण सौर प्रकल्पांसाठी गायरानं दिली जात आहेत. शेळ्या चारणारी, सरपण गोळा करणारी कोण असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शिवाय २०२३ साली केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली: ऊन असताना वीज किमान वीस टक्के स्वस्त, ताणाच्या वेळी महाग. शेती सोडून बाकी ग्राहकांसाठी मुदत होती १ एप्रिल २०२५. नियोजनाच्या भाषेत याला ‘मागणी सरकवणं’ म्हणतात. कागदावर शहाणपणाचं आहे. पण स्वस्त विजेच्या वेळी मजुरीला गेलेली बाई शेतात असते. ती घरी येते, कुकर लावते, कपडे-पाणी करते ती नेमकी संध्याकाळच्या ताणाच्या वेळी. सरकवायची आहे ती मागणी नव्हे, तिची कामं. पुढच्या दहा वर्षांच्या आराखड्यात ती सरकतील असं आधीच गृहीत धरलं, तर तेवढी निर्मिती कमी उभारली जाईल आणि तूट पुन्हा तिच्याच तासांतून भरली जाईल.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२४ च्या विनियमांनुसार वितरण कंपन्यांना पुढच्या वर्षांच्या मागणीचे आणि वीजखरेदीचे आराखडे आयोगापुढे मांडावे लागतात. दराच्या प्रस्तावांवर तर जाहीर सुनावणी होते. कोणीही लेखी हरकत पाठवू शकतं, मराठीतही. अशा एका सुनावणीला मी गेले होते. कारखानदारांचे प्रतिनिधी होते, शेतकरी नेते होते, ग्राहक संघटनांचे लोक होते, सगळे तयारीनिशी. बोललेल्या बाया दोन, त्यांतली एक मी, आणि माझ्याजवळ आकडे नव्हते. नुसत्या कळवळ्याने तिथे भागत नाही.

म्हणून आमच्या चार गटांनी बचतीच्या जुन्या वह्यांमागे तक्ते आखले आहेत. कोणत्या कामाला वीज लागते, ते काम कधी करावं लागतं, वीज नसली तर ते कसं उरकतं, किती वेळ जातो. तीन महिने भरायचे आणि पुढच्या हरकतीला जोडायचे. तक्ता पाहून अध्यक्ष मावशींनी विचारलं, “नुसतं वाट बघत बसलेले तास कुठं लिहायचे?” त्यासाठी रकाना नव्हता. पट्टी घेऊन नवा आखला.