माहिती दिली, म्हणजे कळली का?

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्या आम्हा मंडळींना कॉलेजात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "काय रे, बारावी झेपली नसती का?" खरं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत साधं असतं. घराजवळ पॉलिटेक्निक होतं, फी परवडत होती, तीन वर्षांत हाताशी काहीतरी लागणार होतं आणि पुढे डिग्रीची वाटही मोकळी राहणार होती. थोडक्यात, पैशाचा हिशोब करून घेतलेला निर्णय!

अमेरिकेत असा हिशोब करणारी मुलं कम्युनिटी कॉलेजात जातात. एमएसची स्वप्नं बघताना आपल्याला तिकडची मोठमोठी विद्यापीठं पाठ असतात, पण या कॉलेजांबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात निघालं. आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. कटऑफची मारामारी नाही. साधारण ६० क्रेडिटचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि तो करून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आपल्या डीएसईचे चुलतभाऊच म्हणा ना! निम्म्याहून जास्त मुलं पार्टटाइम शिकतात. कोणी दुकानात काम करतं, कोणाला घरी लहान मूल असतं.

आता पैशाचं बघू. २०२४-२५ मध्ये सरकारी कम्युनिटी कॉलेजची स्थानिक विद्यार्थ्यांसाठीची सरासरी ट्यूशन फी वर्षाला ४,०५० डॉलर होती. त्याच वर्षी गरीब विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून जास्तीत जास्त ७,३९५ डॉलरचं पेल ग्रँट मिळू शकत होतं. हे कर्ज नव्हे, अनुदान. कागदावर तर मदत फीपेक्षा जास्त! पण घरभाडं, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च धरला की ही शिल्लक कुठल्या कुठे जाते. आणि खरी मेख पुढेच आहे, ती म्हणजे ही मदत बंद कधी होते याचे नियम.

पहिला नियम प्रगतीचा. साधारणपणे जेवढी क्रेडिट घेतली त्यातली ६७ टक्के पूर्ण व्हायला हवीत, आणि ग्रेडची सरासरी २.० च्या खाली जाता कामा नये. ६० क्रेडिटच्या अभ्यासक्रमासाठी ९० क्रेडिटपर्यंतच मदत, त्यापुढे नाही. मधेच सोडलेला विषयसुद्धा 'घेतलेल्या' क्रेडिटमध्ये मोजला जातो. नोकरीची पाळी बदलली म्हणून दोन विषय सोडणाऱ्या मुलाला हे ठाऊक असतं का?

दुसरा नियम त्याहून कडक. सेमिस्टरचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी सगळंच सोडून गेलात, तर राहिलेल्या दिवसांची मदत तुम्ही 'कमावलेली' नाही असं धरतात. एक उदाहरण घेऊ. एका मुलीला सेमिस्टरसाठी ३,००० डॉलर ग्रँट मिळालं. त्यातले २,००० कॉलेजने फीपोटी वळते केले, उरलेले १,००० तिच्या हातात आले. ४० टक्के सेमिस्टर झाल्यावर आई आजारी पडली म्हणून तिला कॉलेज सोडावं लागलं. आता कॉलेजला फीच्या ६० टक्के, म्हणजे १,२०० डॉलर सरकारला परत करावे लागतात. कॉलेज ते स्वतःच्या खिशातून थोडंच भरणार? ती रक्कम मुलीच्या नावावर बाकी म्हणून पडू शकते. बाकी असली की अनेक ठिकाणी पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवू देत नाहीत. म्हणजे मदत घ्यायला गेलेली मुलगी देणेकरी होऊन बाहेर पडते, आणि परत यायचं दारही बंद.

हे सगळं विद्यार्थ्याला आधी सांगायचं नाही का? तर कायदा म्हणतो, सांगायचंच. १९६५ चा तिकडचा हायर एज्युकेशन ॲक्ट आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनुसार, सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला एकूण खर्च, मदतीच्या अटी, फी परतीचं धोरण आणि मधेच सोडलं तर काय होईल, हे जाहीर करावं लागतं. या सगळ्याला तिकडे नाव आहे 'कन्झ्युमर इन्फर्मेशन', ग्राहक माहिती! १९९० च्या कायद्याने किती मुलं अभ्यासक्रम पूर्ण करतात हेही सांगायला लावलं. २०११ पासून वेबसाइटवर मदत वजा जाता प्रत्यक्ष खर्च काढणारा कॅल्क्युलेटरही सक्तीचा झाला.

ऐकायला झकास आहे. पण त्या १९९० च्या कायद्यातल्या आकड्यात फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आणि फुलटाइम शिकणारे विद्यार्थी मोजले जातात. कम्युनिटी कॉलेजात तर बहुसंख्य पार्टटाइम! म्हणजे ज्या मुलाने तो आकडा बघून ठरवायचं, त्याच्यासारखी मुलं त्या आकड्यात नाहीतच. दुसरी गोष्ट, अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २०२२ मध्ये कॉलेजांची मदतीची पत्रं तपासली. अंदाजे ९१ टक्के कॉलेजं प्रत्यक्ष खर्चाचा आकडा पत्रात देतच नव्हती किंवा तो कमी दाखवत होती. कायदा आहे, वेबसाइट आहे, पानंच्या पानं माहिती आहे... आणि विद्यार्थी तरीही अंधारात.

माझं म्हणणं एवढंच आहे. मदत किती मिळेल हे सांगणं सोपं आणि छान असतं, त्यामुळे ते मोठ्या अक्षरात छापलं जातं. मदत कशाने जाईल हे सांगणं अवघड असतं, म्हणून ते बारीक अक्षरात जातं. आणि गरीब विद्यार्थ्याचं आयुष्य नेमकं त्या बारीक अक्षरांवर अडतं.

आता आपल्याकडे वळू, कारण अमेरिकेला नावं ठेवून आपलं काम भागत नाही. एआयसीटीईच्या नियमानुसार आपल्या कॉलेजांनाही 'मँडेटरी डिस्क्लोजर' वेबसाइटवर टाकावं लागतं. खासगी कॉलेजांची फी २०१५ च्या राज्याच्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. खुल्या गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, म्हणजे आपण ज्याला ईबीसी म्हणतो त्यातून, निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. योजना चांगल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही.

पण बारीक अक्षरं इथेही आहेत. ईबीसीसाठी प्रवेश कॅप राऊंडमधूनच हवा. डिप्लोमाला माझ्या बाकावर बसणारा एक मित्र. पहिल्या राऊंडला हवी ती ब्रँच मिळाली नाही म्हणून घाबरला. एका कॉलेजात गेला, तिथे सांगितलं, "सीट आहे, आज पैसे भर, स्कॉलरशिपचं नंतर बघू." त्याने संस्था पातळीवर ॲडमिशन घेतली. 'नंतर' बघितलं तेव्हा कळलं, ईबीसीला तो पात्रच नाही. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. त्या एका वाक्याची किंमत दरवर्षीची निम्मी फी! त्याच्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं. फक्त खरं काय ते पूर्ण सांगितलं नव्हतं.

तसंच मुलींच्या फीमाफीचं. पेपरात आलं 'फी माफ', आणि घरच्यांनी धरलं की सगळंच माफ. काउंटरवर गेल्यावर डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस यांचा कागद हातात पडतो. कुणाची फसवणूक नाही, पण बापाचा चेहरा उतरतो तो उतरतोच.

यावर काहीजण म्हणतील, "सगळं नेटवर असतं, मुलांनी वाचायला नको का?" जरूर वाचावं. आपण सेकंडहँड बाइक घेताना चार जणांना मायलेज विचारतो, आणि चार वर्षांच्या शिक्षणाला मात्र बिल्डिंगचा फोटो आणि हायेस्ट पॅकेज बघून हो म्हणतो, हेही मान्य. पण ज्या घरात इंजिनीअरिंगला जाणारा पहिलाच मुलगा आहे, तिथे काय विचारायचं हेच कुणाला माहीत नसतं. इंग्रजीतली चाळीस पानांची पीडीएफ त्याला काय सांगणार? विद्यार्थ्याला 'ग्राहक' म्हटलेलं मलाही आवडत नाही. शिक्षण म्हणजे काही साबणाची वडी नव्हे. पण साबणाच्या वेष्टनावर जेवढं स्पष्ट लिहिलेलं असतं, तेवढं तरी प्रवेशाच्या वेळी कळावं की नाही?

म्हणून आपल्या कॉलेजकडे एक साधी मागणी. ॲडमिशनच्या आधी प्रत्येकाच्या हातात मराठीत छापलेलं एकच पान द्या. त्यावर चार गोष्टी असाव्यात. एक, वर्षाचा एकूण खर्च, ट्यूशन फीपासून मेसपर्यंत. दोन, कोणती शिष्यवृत्ती कोणाला, कोणत्या कागदांवर आणि कोणत्या राऊंडच्या प्रवेशाला. तीन, हजेरी कमी पडली, वायडी झालं किंवा मधेच सोडावं लागलं तर शिष्यवृत्तीचं आणि भरलेल्या फीचं काय होईल. चार, मागच्या बॅचमधले किती जण वेळेत पास झाले, आणि त्यात डीएसईवाल्यांचा आकडा वेगळा. अमेरिकेने केली ती मोजणीतली चूक आपण करायला नको!

आणि मित्रांनो, पान छापून येईपर्यंत आपण हातावर हात धरून बसायचं कारण नाही. प्रवेशाच्या दिवसांत गेटजवळ एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकायला कुणाची ना नसावी. ज्यांनी महाडीबीटीचा फॉर्म तीन-तीनदा परत आलेला पाहिलाय, त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगणार? स्टुडंट्स कौन्सिलने फक्त परवानगी काढावी. डीएसईचे आम्ही सहा-सातजण बसायला तयार आहोत.