जिज्ञासा पाप आहे काय?

धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल ‘असे का?’ म्हणून विचारते, तेव्हा आम्ही वडीलधारी मंडळी एदेन बागेतील झाडाकडे बोट दाखवून त्याला गप्प बसवितो. जणू आदाम आणि एवा यांचे पाप जिज्ञासेचेच होते! आम्हांला हे मान्य नाही. आज्ञा त्यांना ठाऊक होती. ती मोडून देवाच्या बरोबरीला बसण्याची हाव त्यांना नडली. मुलाच्या निरागस प्रश्नाचा त्या हावेशी काय संबंध?

प्रश्नांना भिण्याची किंमत ख्रिस्तसभेने मोजलेली आहे. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविण्यात आले. त्या प्रकरणी तत्कालीन ईशज्ञानपंडितांची चूक झाली, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीरपणे मान्य केले ते १९९२ साली. उलट ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याची हजारो रोपे वाढविली आणि १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या मिस्साबलिदानाचे आणि वाटाण्याच्या वाफ्याचे कधी भांडण झाले नाही.

परंतु आमचा खरा वाद दुसऱ्याच पक्षाशी आहे. ‘ज्ञान निर्दोष असते, जबाबदारी काय ती वापरणाऱ्याची,’ असे म्हणून ही मंडळी हात झटकतात. सोनोग्राफीचेच उदाहरण घ्या. धातूंतील भेगा शोधणाऱ्या ध्वनिलहरी रुग्णाच्या पोटातले काय सांगतील, या कुतूहलातून ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्या यंत्राने असंख्य माता व बालके वाचविली. मात्र आमच्याकडे त्याच यंत्राला विचारले गेले : मुलगा की मुलगी? गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यातील मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली.

यंत्राला दोष देऊन आपली सुटका नाही. ज्याला खरोखर जाणून घ्यायचे असते, तो मिळेल त्या उत्तरापुढे मान लववितो. येथे तर शिक्षा आधीच ठरलेली होती. चाचणी केवळ आरोपी ओळखण्यापुरती होती. तेव्हा जबाबदारी ज्ञान हाती आल्यानंतरची नाही, ती प्रश्न ओठांवर येतानाच सुरू होते. आणि ती एकट्या डॉक्टरची नाही. थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला जमलेले पाहुणे ‘पुढच्या खेपेला मुलगा होवो’ असा आशीर्वाद देतात आणि आपण तो हसून स्वीकारतो, तेव्हा त्या शिक्षेचा पहिला शब्द आपल्याच घरात लिहिला जातो.

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे. मुलांना खुशाल विचारू द्या. उत्तर येत नसेल तर तसे सांगा. मात्र स्वतः प्रश्न विचारण्याआधी क्षणभर थांबा आणि मनाला विचारा : नको असलेले उत्तर आले, तर त्याला आपल्या घरात जागा आहे काय?